जॅझ बासला स्वस्तातले पिकअप कोणते? (ठाणे)

प्रश्न, ठाणे पश्चिम: चार तारांचा जॅझ बास (दोन पिकअपचं बास गिटार) आहे, पिकअप (तारांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे चुंबकी भाग) फार गुणगुणतात. बजेट ३ हजार. काय घ्यावं?

खर्जवाला: आधी पट्टी लावून मोजा. मूळ मापात ब्रिजकडचा (तारा बॉडीला टेकतात त्या बाजूचा) पिकअप नेककडच्यापेक्षा (मानेजवळच्यापेक्षा) दोन-तीन मिमी लांब असतो. स्वस्त बासांत बरेचदा दोन्ही सारखेच. माप चुकलं की बसा बॉडीतली पिकअपची खाच तासत. घ्यायचे तर जोडीने: एकाची तारेची गुंडाळी आणि चुंबक दुसऱ्याच्या उलटे असले की दोन्ही व्हॉल्यूम सारखे ठेवल्यावर गुणगुण मरते. ॲल्निको ५ चुंबकाचे मिळाले तर उत्तम, पण सिरॅमिक चुंबक म्हणजे टाकाऊ नव्हे.

कळवा लोकल: थांबा. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होते का? मग ग्राउंड (अर्थिंगची जोडणी) ठीक आहे, शील्डिंग (बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणारं धातूचं आवरण) कमी पडतंय. खाचेत तांब्याची चिकटपट्टी लावा, सांध्यांना सोल्डरचा डाग द्या (साध्या गोंदातून वीज जात नाही), पट्टी ग्राउंडला जोडा. लॅमिंग्टन रोडला (मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) चक्कर झालीच तर २५० के (किलो-ओहम) चे पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचे भाग) आणि टोनसाठी ‘४७३’ छापलेला कपॅसिटर आणा.

खर्जवाला: हे आधी करा, खरंय. नवे बसवल्यावर दोन्ही पिकअप एकत्र वाजवताना आवाज पोकळ आला, तर एकाच पिकअपच्या दोन वायरी अदलाबदल करा. पिकअपची उंची: शेवटचा फ्रेट (मानेवरची धातूची पट्टी) दाबून तार आणि पिकअपमधलं अंतर जाड तारेखाली ३ मिमी, बारीक तारेखाली अडीच.