सड्यावर प्लॉटिंग, पायथ्याला नळयोजना: जमिनीच्या वापरावर गावाने नियम घालावेत का?

पऱ्याकाठ (धागाकर्ता)

आमचं गाव लांजा तालुक्यात. नळयोजनेची विहीर सड्याच्या (डोंगरावरच्या कातळी पठाराच्या) पायथ्याला, झऱ्याच्या तोंडाशीच खणलेली आहे. वर मोठा कातळ, थोडी आंब्याची कलमं, बाकी उघडं. यंदा त्यातला एक तुकडा मुंबईच्या पार्टीने घेतला आणि चुन्याच्या रेघा मारून दहा-दहा गुंठ्यांचे प्लॉट पाडले. जाहिरातीत 'बारमाही पाणी' असं लिहिलंय. त्याचा अर्थ प्लॉटगणिक एक बोअर. शेजारच्या तुकड्यावर चिरेखाणीचा अर्ज पडलाय.

येत्या ग्रामसभेत मी ठराव मांडणार आहे. सड्याचा जो भाग विहिरीला पाणी देतो तो भूजल सर्वेक्षणवाल्यांकडून (जीएसडीए) आखून घ्यायचा. तेवढ्या भागात बोअर नाही, चिरेखाण नाही, शोषखड्डा नाही. घर बांधायला ना नाही, पण सांडपाण्याची टाकी बंद हवी आणि प्लॉटचा बराचसा भाग फरशी-काँक्रीट न घालता उघडा ठेवायला हवा.

कायदा आहेच की, असं कोणी म्हणेल. १९९३ च्या भूजल कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर किंवा बोअर घ्यायला बंदी घातली. पण पाणी काही कंपासने आखलेल्या वर्तुळातून येत नाही. आमच्या विहिरीभोवती ५०० मीटर फिरवले तर निम्म्यात खालची भातखाचरं येतात, ज्यांचं टिपूसही विहिरीत येत नाही. ज्या सड्यावरून पाणी येतं त्याचा बराच भाग बाहेर राहतो, आणि सातबाऱ्यावर त्याची नोंद पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. पोटखराब्याची काळजी कोण करणार?

मतं द्या. विरोधातली असतील तर आधी द्या, ग्रामसभेत तीच ऐकायची आहेत.

कलमवाला

घ्या मग विरोध. मी राजापूरकडचा, सड्यावर कलमं आहेत. वडिलांनी कातळात सुरुंग लावून खड्डे काढले, खालून माती वाहून आणून भरली, पहिली काही वर्षं कावडीने पाणी घातलं. तेव्हा वाडीतलं कोणी आलं नाही सांगायला की हा कातळ आमची टाकी आहे. आता चार पैसे मिळायची वेळ आली तर टाकी झाली.

तुमचा नियम लागला की माझ्या एकराचा भाव निम्म्यावर येणार. पाणी पिणार खालच्या वाड्या, तोटा सोसणार वरचा माणूस. भरपाई कोण देणार ते ठरावात लिहिलंय का? आणि एक विचारतो, राग नको: तुमच्या गावात नळपट्टी किती टक्के वसूल होते?

दगडमाती

धागाकर्त्याच्या वर्तुळाच्या मुद्द्याला दुजोरा. सड्याचा जांभा हा दगड असला तरी आतून भोकाभोकांचा. पाऊस वरच्या भेगांतून खाली उतरतो, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडतो, आडवा सरकतो आणि जिथे डोंगरकुशीत तो थर उघडा पडतो तिथे झरा होऊन बाहेर येतो. म्हणून कोकणात जुन्या वाड्या सड्यावर नाहीत, सड्याच्या कडेला खाली आहेत.

याच कारणाने जांभा पाणी धरूनही ठेवत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये टँकर फिरतात, ते यामुळेच. झरा शिमग्यापर्यंत चालेल की वैशाखापर्यंत, हे पाणी किती हळू बाहेर पडतं त्यावर ठरतं. बोअर त्या चिकणमातीच्या थरातून आरपार जाते. केसिंग (बोअरमधला पाइप) नीट बसवलं नाही तर वरचं पाणी बोअरच्या कडेने खालच्या काळ्या दगडातल्या भेगांत उतरतं. मग बोअरमालकालाही धड मिळत नाही आणि झराही आटतो.

चिरेखाणीत खालच्या थराला हात लागला की झऱ्याला लाल पाणी येणार हे धरून चाला.

एक घरगुती परीक्षा: जोराचा पाऊस पडल्यावर तुमची विहीर किती वेळाने गढूळ होते ते बघा. दोन-चार तासांत झाली तर वरून थेट वाट आहे, आणि मग शोषखड्डा १५ मीटरवर असो की १५० वर, त्या अंतराला फारसा अर्थ नाही.

हिशोबी

असहमत, आणि आकड्यांनिशी. एका हेक्टरवर तीन मीटर पाऊस म्हणजे तीन कोटी लिटर. बाराशे वस्तीच्या गावाला जल जीवन मिशनच्या ५५ लिटर माणशी हिशोबाने रोज ६६ हजार, वर्षाला साधारण २ कोटी ४० लाख लिटर लागतं. म्हणजे एका हेक्टरावरच्या पावसात गाव वर्षभर पितं! मग एवढ्या सड्याला कुंपण कशाला? साठवण करा. लोकांच्या जमिनीवर निर्बंध घालणं फुकट असतं म्हणून पंचायतीला तेच आधी सुचतं.

दगडमाती

हिशोबी, गुणाकार बरोबर. आता साठवण मांडा. टंचाईचे शंभर दिवस धरले तर ६६ लाख लिटर, म्हणजे ६,६०० घनमीटर, तीन मीटर खोलीचं जवळपास अर्ध्या एकराचं तळं. जांभ्यात पाणी थांबत नाही म्हणून तळाला प्लास्टिक घालणं आलं. उन्हाने उडणारं पाणी, शेवाळ, गुरं, शुद्धीकरण, आणि पाच-सात वर्षांनी फाटलेलं प्लास्टिक बदलायला निधी. सडा हे सगळं बिनखर्चात करतोय. साठवणीला विरोध नाही, ती जोडीला हवी.

आणि गुणाकारच करायचा तर हा पण करा: आठ बाय चार मीटरचा, दीड मीटर खोल पोहण्याचा तलाव भरायला ४८ हजार लिटर लागतं. म्हणजे पावणेनऊशे माणसांचं एका दिवसाचं पाणी. सड्यावरच्या जाहिरातीत 'प्लंज पूल' आहे की नाही ते धागाकर्त्याने सांगावं.

पऱ्याकाठ

आहे. फोटोसकट आहे.

चाकरमानी विरार

मला कळत नाही, हे सगळं कोणासाठी? आमच्या वाडीत बावीस घरं, दिवा लागतो सात घरांत. बाकी आम्ही गणपतीला आणि शिमग्याला. सामायिक सातबाऱ्यावर एकोणीस नावं, माझ्या वाट्याला जेमतेम दीड एकर कातळ. त्यावर ना भात होतो ना नाचणी. मुलीच्या शिक्षणासाठी विकायचा तर तुमचा ठराव आडवा.

पश्चिम घाटावरच्या गाडगीळ समितीच्या अहवालापासून, म्हणजे २०११ पासून, कोकणाला हेच ऐकवलं जातंय: हे करू नका, ते करू नका. धरणं बांधताना, महामार्ग काढताना, कारखाने आणताना डोंगर फोडला तेव्हा पाणी दिसलं नाही. गरिबाचे दहा गुंठे विकायला निघाले की सगळ्यांना झरा दिसतो.

कोंडीवरची वहिनी

भावोजी, सात घरांत दिवा लागतो ना? त्या सात घरांसाठी. तिथे तुमची आईच असेल की.

मी आमच्या पंचायतीची जलसुरक्षक होते. काम काय, तर टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) घालायची, पाण्याचे नमुने तालुक्याला पाठवायचे, वर्षातून दोनदा आरोग्यवाले पाहणीला आले की त्यांच्याबरोबर फिरायचं. ते मग पंचायतीला हिरवं, पिवळं नाहीतर लाल कार्ड देतात. आम्हाला एकदा लाल मिळालं. विहिरीचा कठडा नीट, झाकण नीट, टीसीएल वेळच्या वेळी, तरी नमुना दूषित. वर एका होमस्टेचा शोषखड्डा निघाला. अंतर मोजलं तर कागदोपत्री सगळं नियमात! वाडीत जुलाबाची साथ आली ती नियमातच आली म्हणायची.

पण धागाकर्त्यालाही एक विचारते. ठरावात मुंबईवाल्याची बोअर आहे, खाण आहे, संडास आहे. कल्टार, ते मोहोर आणायचं औषध, का नाही? पावसाळ्यात कलमांच्या बुंध्याशी आळ्यात कल्टार ओततात, ते मातीत बराच काळ टिकतं. मोहोरावर थंडीभर फवारण्या चालतात, आणि बाग कराराने दिलेली असली तर किती आणि काय मारलं हे मालकालाही माहीत नसतं. फवाऱ्याचा पंप कुठे धुतात? पऱ्यात, म्हणजे ओढ्यात. मी माझ्या डोळ्यांनी निळ्या टोप्यांचे रिकामे डबे पाणवठ्याला पडलेले पाहिलेत, आणि त्यातल्याच एका डब्यात नंतर घासलेट ठेवलेलं. हे तुमच्या यादीत नाही कारण कलमं आपल्याच लोकांची.

कलमवाला

वहिनी, फवारणी बंद केली तर तुडतुडा मोहोर ठेवील का? बोलायला सोपं आहे.

(पंप पऱ्यात धुतात हे मात्र खरं. आमच्याकडेही.)

वकीलतात्या

ठराव जरूर करा, पण त्याचं वजन ओळखून. गावठाणाबाहेर बांधकामाची परवानगी ग्रामपंचायतीच्या हातात नसते. ती महसूल आणि नगररचनेकडे, १९६६ च्या दोन कायद्यांखाली. त्यातही जमीन महसूल संहितेचं कलम ४२-ड बघा. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरमधली जमीन बिनशेती झाल्यासारखीच धरायची, कर भरला की सनद, अशी सोय त्याने केली. पायथ्याच्या विहिरी बहुधा याच पट्ट्यात सापडतात.

भूजलाबाबत तर आपला पाया अजून १८८२ चा. सुखाधिकार कायद्यानुसार ठरावीक प्रवाहात न वाहणारं, जमिनीखालचं पाणी जमीनमालकाने आपल्या हद्दीत काढायचं. केरळात प्लाचीमडा इथे पंचायतीने शीतपेयाच्या कारखान्याचा परवाना रोखला. २००३ मध्ये उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी भूजल ही सार्वजनिक ठेव आहे असं म्हटलं, २००५ मध्ये खंडपीठाने ते फिरवलं. तेव्हा नुसत्या ग्रामसभेच्या जोरावर कोर्टात गेलात तर समोरचा वकील हेच काढणार.

टिकेल असा मार्ग वेगळा आहे. १९९३ च्या जागी २००९ चा कायदा आला, तो लागू झाला २०१४ मध्ये. त्यात पिण्याच्या स्रोतांच्या संरक्षणाची तरतूद आहे. जीएसडीएचा नकाशा जोडून प्रांताकडे रीतसर अर्ज करा. खाणीच्या अर्जावर ग्रामपंचायतीचं म्हणणं लेखी द्या, 'ना हरकत' आधीच देऊन बसू नका. नवीन नळजोडणी देताना काय अटी घालायच्या हे मात्र बरंचसं तुमच्याच हातात आहे.

हॅम्बुर्गवासी

इकडची, जर्मनीतली, पद्धत सांगतो. पाणीपुरवठ्याच्या विहिरीभोवती तीन पट्टे असतात. अगदी जवळचा साधारण १० मीटरचा, तिथे कोणी जायचंच नाही. दुसरा अंतराने नाही तर वेळेने ठरतो: जिथून पाणी विहिरीत पोचायला ५० दिवस लागतात तिथपर्यंत, कारण तेवढ्या अवधीत बहुतेक रोगजंतू मरतात. तिसऱ्यात उरलेलं सगळं पाणलोट. नियम विहिरीकडे जावं तसे कडक. आणि शेतकऱ्याच्या नेहमीच्या शेतीवर गदा आली तर त्याला भरपाई मिळते. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याने तर १९८८ पासून पाणी उपशावर आकार बसवलाय. रस्त्याच्या कडेला निळी पाटी असते, टँकरवाल्यांनाही कळतं की इथून सांभाळून.

चाकरमानी विरार

आमच्याकडे अशी पाटी लावली तर आठवड्यात त्यावर कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा लागतील. हलकं घ्या.

पण भरपाईवालं वाक्य धागाकर्त्याने परत वाचावं.

रापणकार

आमच्या हय सडो नाय नि कातळ नाय. रेवेतली बाव, बस. (बाकीचं प्रमाण मराठीत लिहितो, नाहीतर वहिनी म्हणतील कळलं नाही.)

देवबाग-तारकर्लीच्या बाजूला एकीकडे समुद्र, दुसरीकडे खाडी, मध्ये वाळूची पट्टी. पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगतं. ढोबळ नियम असा की समुद्रपातळीच्या वर एक मीटर गोडं असेल तर खाली चाळीस मीटर गोडं. म्हणजे मोटर लावून पातळी अर्धा मीटर उतरवलीत की खालून खारं वीस मीटर चढायला मोकळं. कळशीने ओढलेल्या पाण्याने विहीर खारी झाली असं कधी ऐकलं नव्हतं. मोटरीने होते.

नियम इथे आहे. सीआरझेडच्या (किनारा नियमन क्षेत्राच्या) २०११ च्या अधिसूचनेत भरतीरेषेपासून २०० मीटरमध्ये भूजल काढायला मनाई आली, सूट फक्त स्थानिक वस्तीच्या स्वतःच्या वापराला. आता सांगा, माझ्या होमस्टेत उतरलेला पुण्याचा पाहुणा आंघोळ करतो तो माझा स्वतःचा वापर की धंदा? हे विचारायला कोणी आलेलं नाही. मीही विचारायला गेलेलो नाही. म्हणून ठरावात शब्द घालताना 'घरगुती' म्हणजे काय ते आधी ठरवा, नाहीतर सगळे फार्महाऊसवाले घरगुतीच निघतील.

पऱ्याकाठ

बरेच मुद्दे पदरात पडले. वहिनी, कल्टारचा मुद्दा मान्य. आखलेल्या भागात कलमं राहतील, पण पऱ्यापासून काही अंतरात आळ्यातून औषध नाही आणि पंप धुवायला वेगळा हौद, एवढं घालतोय. माझीही सत्तर कलमं त्याच भागात आहेत, तेव्हा ओरडणाऱ्यांत मी पहिला.

भरपाईचं म्हणाल तर घरटी महिना दहा रुपये नळपट्टीत वाढवले आणि अडीचशे घरांनी भरले तर वर्षाला तीस हजार होतात. जमिनीच्या भावापुढे ही रक्कम काहीच नाही, मला कळतं. पण सड्यावर गडगे (दगडी बांध) दुरुस्त करणं, चर काढणं, वणवा लागू नये म्हणून जाळरेषा काढणं ही कामं वरच्या जमीनमालकांनाच मजुरीने द्यायची, असा विचार आहे.

कलमवाला

तीस हजारांत माझा भाव भरून निघत नाही. निदान ज्याच्या जमिनीवर नियम लागतो त्याची घरपट्टी आणि नळपट्टी कायमची माफ, हे ठरावाच्या पहिल्या परिच्छेदात लिहा. शेवटच्या ओळीत नको, शेवटच्या ओळी इतिवृत्तात उतरत नाहीत. आणि नळपट्टी किती वसूल होते ते तुम्ही अजून सांगितलेलं नाही.

पऱ्याकाठ

निम्मी. निम्म्याहून थोडी कमी.

कोंडीवरची वहिनी

आणि ज्या बोअर आधीच मारल्यात त्यांचं काय? नव्यांना बंदी आणि जुन्यांना अभय असेल तर उद्या सगळे रातोरात गाडी आणून मारून घेतील. ठरावाची कुणकुण लागली की बोअरच्या गाडीची तारीख मिळत नाही, हा आमच्या गावचा अनुभव.

पऱ्याकाठ

आखलेल्या भागात सध्या तीन आहेत. त्यातली एक पंचायतीतल्याच एका सदस्याच्या घरची. तिन्हींवर मीटर बसवायचा आणि मार्चपासून पावसाळ्यापर्यंत फक्त पिण्यापुरता उपसा, असं कलम काल रात्री घातलं. तोपर्यंत मला दोन अनुमोदक होते. आज सकाळपासून एकही नाही.