कोची एका दिवसात : अर्जंट मदत हवी आहे

घाईत_आहे :
लोकहो, कोचीत एक दिवस मिळतोय. काय काय बघून होईल? पन्नास ठिकाणांच्या याद्या गूगलवर मिळाल्या, त्या नकोत, जाऊन आलेल्यांनीच सांगा. ज्यूंचं सिनेगॉग, डच पॅलेस आणि ती मासे पकडायची चिनी जाळी एवढं तर पाहिजेच. प्लीज लवकर, आज रात्री बुकिंग करायचंय.

फिरस्ता :
वार कुठला? किती वाजता पोचताय, निघताय कधी, सोबत कोण? काहीच लिहिलं नाहीये.

घाईत_आहे :
अहो पुढच्या आठवड्यात, तिघं आहोत. ठिकाणं सांगा ना फक्त.

दोन_वाटी_भात :
एकच दिवस असेल तर कोची सोडा आणि सरळ अलेप्पी गाठा. ५०-५५ किमी तर आहे, हाऊसबोटीत बसा, करीमीन मासा खा, केरळ म्हणजे बॅकवॉटर, बाकी चर्च आणि वखारी काय गोव्यात पण आहेत.

निळी_छत्री :
@दोन_वाटी, त्यांनी कोची विचारलंय! प्रत्येक धाग्यावर तुमची हाऊसबोट कशाला? आणि गोव्यात सिनेगॉग कुठे बघितलंत तुम्ही?

कोरे_प्रेमी :
नेत्रावती एक्सप्रेसने जा, रत्नागिरी सोडलं की उजव्या खिडकीला बसायचं. पावसाळ्यात टाईमटेबल वेगळं असतं ते बघून घ्या. विमानाने कोकण दिसत नाही.

घाईत_आहे :
विमानाचं तिकीट झालंय हो!! शुक्रवारी सकाळी दहाला उतरतोय. मी, नवरा आणि सासूबाई. रात्री त्रिवेंद्रमची ट्रेन.

फिरस्ता :
शुक्रवार!! हे आधी सांगायचं ना ताई. डच पॅलेसला शुक्रवारी सुट्टी असते. सिनेगॉग शुक्रवार-शनिवार दोन्ही दिवस पर्यटकांना बंद. म्हणजे तुमच्या तीनपैकी दोन गोष्टी गेल्या. आणि विमानतळ नेडुंबसेरीला, तिथून फोर्ट कोची चाळीसेक किमी, ट्रॅफिकमध्ये दीड तास सहज जातो. बारा वाजलेच समजा.

अण्णा_डोंबिवली :
शनिवार पाळायचाच ना त्यांना, आपल्या अलिबागकडचे बेने इस्राएल ज्यू नाही का, शनिवारी तेलाचा घाणा बंद म्हणून लोक शनवार तेली म्हणायचे. बाकी डच पॅलेस डचांनी बांधलेलाच नाही, १५५५ मध्ये पोर्तुगीजांनी बांधून कोचीच्या राजाला दिला, डचांनी नंतर १६६३ मध्ये डागडुजी केली. आतली रामायणाची भित्तीचित्रं मात्र बघण्यासारखी.

निळी_छत्री :
अण्णा, बंद आहे म्हणतायत ते, आणि तुम्ही चित्रं दाखवताय :)

घाईत_आहे :
अरे देवा. तिकिटं बदलणं शक्य नाही. मग काय करू? सासूबाईंचे गुडघे दुखतात, फार चालवत नाही.

हिल_पॅलेस_फॅन :
मग त्रिपुनितुराचा हिल पॅलेस करा, सोमवारी बंद असतो, शुक्रवारी चालू. मेट्रो त्रिपुनितुरापर्यंत झालीये आता.

निळी_छत्री :
गुडघे दुखतात म्हणाल्या ना त्या? हिल पॅलेसला समोरच केवढ्या पायऱ्या आहेत! नका जाऊ. मी सांगते ते करा, आमच्या आईला घेऊन असंच केलं होतं. टॅक्सीने आधी एर्नाकुलम (कोचीचा मुख्य भूमीवरचा भाग), सामान तिथे स्टेशनच्या क्लोकरूमला, बॅगांना कुलूप लागतं. मग हायकोर्ट टर्मिनलवरून वॉटर मेट्रोने फोर्ट कोची. एसी बोट, जेट्टी तरंगती असल्याने भरती असो ओहोटी असो बोट आणि जेट्टी एका पातळीत राहते, गुडघेवाल्यांना उतरायला सोपं. तिथे चिनी जाळी जवळच. सेंट फ्रान्सिस चर्च पण जवळ, वास्को द गामाला १५२४ मध्ये आधी तिथेच पुरलं होतं, मग १५३९ मध्ये अवशेष पोर्तुगालला नेले, आता नुसती जागा दिसते. जास्तीचं काही न करता संध्याकाळी कथकलीच्या तिकिटात पैसे घाला, तासभर आधी पोचलात तर रंगभूषा करताना पण बघायला मिळते. बसून बघायचं, सासूबाई खूश.

दोन_वाटी_भात :
वॉटर मेट्रोच्या रांगेत सुट्टीच्या दिवशी उभं राहून बघा एकदा. सरकारी बोट एर्नाकुलम जेट्टीवरून सुटते, भाडं किरकोळ, स्थानिक लोक तीच धरतात.

निळी_छत्री :
शुक्रवार आहे हो, सुट्टी नाही. आणि सरकारी बोटीत चढताना काय कसरत असते ते साठीच्या बाईला विचारा.

घाईत_आहे :
सासूबाई शाकाहारी आहेत, मट्टनचेरीत (तो सिनेगॉगचा भाग) काही मिळेल का?

अण्णा_डोंबिवली :
भरपूर. तिथे पिढ्यान्‌पिढ्या गुजराती वस्ती आहे, जैन मंदिर आहे. शिवाय गोव्याहून पळून आलेले कोकणी सारस्वत, त्यांचं तिरुमल देवस्थान. अवांतर : डचांनी केरळच्या वनस्पतींवर जो बारा खंडांचा ग्रंथ काढला, हॉर्टस मलबारिकस, त्याच्या पहिल्याच खंडात (१६७८) रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट ह्या कोकणी वैद्यांची साक्ष नागरी लिपीत छापलीये. कोचीत राहून नागरीत, विचार करा!

घाईत_आहे :
काका, जेवणाचं विचारलं होतं मी.

अण्णा_डोंबिवली :
सांगितलं ना, गुजराती वस्ती. देवळात जाणार असाल तर मिस्टरांना आधी सांगून ठेवा, तिकडच्या बऱ्याच देवळांत शर्ट काढावा लागतो.

फिरस्ता :
ताई, तुमची रात्रीची ट्रेन साऊथवरून आहे की नॉर्थवरून? एर्नाकुलमला दोन स्टेशनं आहेत, जंक्शन म्हणजे साऊथ आणि टाऊन म्हणजे नॉर्थ. तिकिटावर काय छापलंय ते बघा आणि सामान त्याच स्टेशनला ठेवा.

घाईत_आहे :
थांबा, तिकीट मिस्टरांच्या मोबाईलवर आहे. विचारून सांगते.