रोजच्या धावपळीत कुतूहल कसे टिकवावे?

प्रश्न : सोलापुरातील एका कारखान्यात हिशेब लिहिता लिहिता वीस वर्षे गेली. शाळेत प्रत्येक गोष्टीचे कारण विचारणारा मी आता मोबाईल चाळण्यापलीकडे काहीच जाणून घेत नाही, याची खंत वाटते. उपाय सुचवावा.

उत्तर १ : अंगावरच्या सोलापुरी चादरीपासून सुरुवात करावी. तिच्यावरील नक्षी मागावरील ज्या जकार्ड यंत्रणेमुळे उमटते, तिच्या पुठ्ठ्यांत छिद्र आहे की नाही यावर ताण्याचा, म्हणजे लांबीच्या दिशेचा, कोणता धागा उचलला जाईल हे ठरते. फ्रान्समधील १८०४ सालच्या याच यंत्रणेवरून इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्रासाठी छिद्रपत्रे योजली होती. हे कळल्यापासून मागांचा खडखडाट मला वेगळाच ऐकू येतो (घरच्यांना तो अजूनही त्रासच वाटतो).

उत्तर २ : सहमत, मात्र वाचून थांबू नये, विणकरांनाच विचारावे. मी वहीत रोज एकच प्रश्न लिहितो. सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यातील माळढोक पक्ष्याला दाट झाडीऐवजी उघडे माळरान का लागते, हा गेल्या आठवड्यातला प्रश्न होता. तो जमिनीवर अंडे घालतो आणि धोका दुरून दिसणे त्याला आवश्यक असते, एवढे समजायला मला चार दिवस लागले.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. आमच्याच कारखान्यात अशा पुठ्ठ्यांची माळ मागावर टांगलेली असते. उद्या जेवणाच्या सुट्टीत विचारतो.