ढेप जास्त झाली म्हणून गाय उलटते का?

काटोल रोडचा गोठा:
संकरित गाय, दुसरं वेत, वेळेला 6 लिटर. तीनदा भरवली (रेतन केलं), तीनदा उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली. गर्भपिशवी साफ आहे म्हणतात. मग खुराकच मांडून बघितला. सरकी ढेप (पेंड) 5 किलो, तूर चुनी 2, लसूणघास 15, बाकी सोयाबीनचं कुटार. धरून-सोडून 2 किलो प्रथिनं जातात. गरज किती? 400 किलोच्या गाईला अंग राखायला सव्वातीनशे ग्रॅम, वर लिटरमागं 90. म्हणजे दिवसाच्या 12 लिटरला 1 किलो 400. वरचे सहाशे ग्रॅम मी पैसे देऊन आणतो आणि गाय मुतून टाकते. माझं मत: ढेपीचा अतिरेकच गर्भ धरू देत नाही.

कामठीचा दूधवाला:
काढून पाहा ना भाऊ ढेप! भाव चढला तेव्हा मी 5 ची 3 केली, आठ दिवसांत दीड लिटर उतरलं. अन् डेअरीत पैसा फॅटवर मिळते, सरकीनं फॅट टिकते. गाभण राहीन तेव्हा राहीन, हप्ता तर याच महिन्यात भराचा आहे.

पशुवैद्यकचा जुना विद्यार्थी:
कामठीकर, दोन किलो काढून त्या जागी काय दिलं? काहीच नसेल तर उतरणारच. कोठीपोटातल्या (गाईच्या पहिल्या मोठ्या पोटातल्या) जंतूंना नत्र लागतं, तशी साखर-पिठूळही लागते. ती नसली की नत्राचा अमोनिया होऊन रक्तात जातो, यकृत त्याचा युरिया करतं आणि त्यातही गाईची ताकद खर्चते. युरिया दुधात उतरतो, पिशवीतही. तिथली आम्लता बदलली की आठवड्याचा गर्भ तग धरत नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात 1996 च्या कामात रक्तात किंवा दुधात डेसीलिटरमागं 19 मिलिग्रॅमच्या वर युरिया-नत्र असलेल्या गाई स्पष्ट कमी गाभण राहिल्या. शेण पातळ आणि पहाटे गोठ्यात मुताच्या अमोनियानं डोळे चुरचुरतात का, ते बघा.

गौळाऊवाला:
कॉर्नेलच्या त्या गाई होल्स्टिन, भरपूर दुधाच्या परदेशी. तुमच्या 12 लिटरवालीशी त्यांची काय तुलना? मे महिन्यात 45 अंशात गाय मुका माज दाखवते, हंबरत नाही की काही नाही, ध्यानातच येत नाही. व्याल्यावर हाडं दिसेपर्यंत वाळते, ते वेगळंच. खनिज मिश्रण किती जण देतात? सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायचं, आपण दुसऱ्या दिवशी फोन करतो. सगळं पाप ढेपीच्या माथी कशाला?

जुना विद्यार्थी:
वाळण्याचं बरोबर. पण वाळलेल्या गाईवर जादा ढेप टाकणं म्हणजे दुहेरी मार, माझं म्हणणं तेवढंच. माज चुकवणाऱ्याचा बचाव मी करत नाही.

काटोल रोडचा गोठा:
डोळे चुरचुरायचे, खरंय. सफाई कमी पडते असं वाटायचं. दहा दिवस झाले, ढेप साडेतीन, लसूणघास 10 आणि मक्याचा भरडा दीड किलो. दूध पाऊण लिटर उतरलंय, शेण घट्ट झालं. मागच्या माजाला शुक्रवारी 21 दिवस होतात, सकाळी माज दिसला तर संध्याकाळीच भरवतो.

कामठीचा दूधवाला:
रोजचं पाऊण लिटर वहीत लिहून ठेव. पुन्हा उलटली तर तो हिशेब इथंच टाकशील.