रात्रीची ड्यूटी, वय ४२: स्वसंरक्षणासाठी नेमकं काय शिकू? (बजेट महिना १२००)

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. मी मिरजेत पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. आठवड्यातले चार दिवस ड्यूटी रात्री साडेदहाला संपते, मग स्कूटीवरून सांगली. मागच्या महिन्यात पार्किंगमध्ये एकाने मागून येऊन मनगट धरलं. मी हिसका दिला, पाय सरकला, उजव्या गुडघ्यावर आपटले. वॉचमनच्या बॅटरीचा उजेड दिसला म्हणून तो पळाला. पोलिसांत तक्रार दिली आहे, त्यासाठी हा धागा नाही.

मला छळतंय ते वेगळंच. तोंडातून आवाज फुटला नाही. आणि पडल्यावर उठताच येईना. पाच-सहा सेकंदच असतील, पण ते रोज रात्री स्टँड काढताना परत येतात. नोकरी सोडायची नाही. घाबरत करायचीही नाही.

बजेट महिना १२००. वेळ सकाळी साडेसहा ते आठ. डॉक्टरांनी दीड महिना उड्या मारायला मनाई केली आहे. पुण्याला येणं शक्य नाही. बेल्ट, पदकं नकोत. तेरा वर्षांची लेकही सोबत येईल म्हणते.

प्राजक्त_पुणे
डोळे झाकून 'क्राव मागा' ही स्वसंरक्षणाची पद्धत शिका. इमी लिख्टेनफेल्ड यांनी १९३० च्या दशकात ब्रातिस्लाव्हात ज्यू वस्तीवर हल्ले करणाऱ्या टोळ्यांशी रस्त्यावर लढता लढता हे घडवलं, पुढे इस्रायली सैन्यात शिकवलं. सगळं खऱ्या मारामारीतून आलेलं आहे. मी बाणेरला दोन वर्षं करतोय, महिना ४००० पडतात. महिन्यातून एक शनिवार-रविवार पुण्याला या, पुरेसं होईल.

कृष्णाकाठची
धन्यवाद, पण पुणे नाही जमणार. वर लिहिलंय.

लोखंडी_मूठ
बॉक्सिंग. पहिल्याच महिन्यात ठोसा कसा खायचा आणि डोळे कसे उघडे ठेवायचे हे कळतं. मी १६ औंसचे ग्लोव्ह्ज घालून पंचविशीतल्या पोरांशी स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, करतो, वय ४७. घरी बॅग टांगा, चांगली सहा-सात हजारांत येते. बाकी सगळं नाच आहे.

वारणेचा_गडी
नाच म्हणण्याआधी आपल्या मातीकडं बघा. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत पदक आणलं ते तालमीच्या जोरावर. कुस्तीतल्या माणसानं धरलं की समोरचा सुटत नाही आणि कुस्तीतल्याला कुणी धरून ठेवू शकत नाही. ताई, तुमच्याकडं तालमींना काय तोटा? पण आता पोरींना माती दाखवायची तर आईबापच मॅटवरची अकॅडमी शोधतात. वाईट वाटतं.

न्यूजर्सीकर
ब्राझिलियन जुजुत्सु बघा. १९९३ च्या पहिल्या यूएफसीत (वेगवेगळ्या युद्धकलांच्या लढवय्यांची स्पर्धा) जुजुत्सुवाला रॉयस ग्रेसी अंगाने किरकोळ असून जिंकला, ते जमिनीवरच्या कामामुळे. पडल्यावर काय करायचं हाच तुमचा प्रश्न आहे ना? इथे मी महिना १७० डॉलर देतो, एक एक डॉलर वसूल आहे.

लोखंडी_मूठ
रस्त्यावर जमिनीवर लोळत बसलात तर दुसरा येऊन लाथ घालेल.

न्यूजर्सीकर
लोळायचं नाही, सुटून उठायचं. तेच शिकवतात. त्या आधीच पडल्यात एकदा, तेव्हा बॉक्सिंगने काय केलं असतं?

निशिगंध
लेक माझी तीन वर्षं कराटेला होती. दर तीन महिन्यांनी बेल्टच्या परीक्षेची फी, वर प्रमाणपत्राचे वेगळे. एकदाही कुणी तिला खरोखर घट्ट धरून "आता सुटून दाखव" म्हटलं नाही. हवेत मुठी मारून पोरगी ब्राऊन बेल्टपर्यंत गेली, आणि बसमध्ये एकाने बॅग ओढली तर तशीच उभी राहिली. म्हणून सांगते, कुठेही जा, पण पैसे भरायच्या आधी एक तास नुसता बसून बघा. समोरचा विरोध करतो का, की सांगितल्यावर आपोआप पडतो? बायकांना वेगवेगळ्या वजनाच्या जोडीदारांबरोबर सराव देतात का? दुखापत सांगितली तर सर थांबून ऐकतात का?

प्राजक्त_पुणे
सहमत. म्हणूनच क्राव मागा.

सह्याद्रीवारा
एवढं कशाला? मिरपूड स्प्रे घ्या, तीनशे रुपयांत काम. नसेल तर सरळ डोळ्यांत बोटं घालायची आणि हात मोडायचा.

भाकरतुकडा
माझा स्प्रे वाऱ्याने माझ्याच तोंडावर आला. दहा मिनिटं डोळे उघडले नाहीत. घेतलात तर वारा कुठून येतो ते बघायची सवय लावा, आणि एक्स्पायरीची तारीखही. पर्सच्या तळाशी असेल तर उपयोग शून्य.

वकीलकाकू
हात मोडण्याबद्दल. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यात खासगी बचावाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये येतो. कलम ३७ स्पष्ट सांगतं: बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. बलात्कार, अपहरण, ॲसिड अशा हल्ल्यांत हक्क फार पुढपर्यंत जातो, ते कलम ३८. पण तो पळायला लागल्यावर पाठीमागून हाणलंत तर तो बचाव उरत नाही. सुटा, पळा, ११२ लावा.

सह्याद्रीवारा
म्हणजे गुन्हेगाराचीच काळजी.

वकीलकाकू
नाही. कोर्टाच्या चकरा तुम्हाला पडू नयेत याची काळजी.

गणपतीपेठ
घरचं कुणी रात्री न्यायला येत नाही का? आमच्याकडं येतात.

निशिगंध
त्यांनी काय शिकू असं विचारलंय, घरी कोण आहे असं नाही. बाईने रात्री कामावरून एकटीने घरी यावं यात समजावून सांगण्यासारखं काय आहे?

वारणेचा_गडी
विषयांतर नको. मनगट सोडवायचं एवढं तरी लक्षात ठेवा ताई: मागं ओढू नका. त्याचा अंगठा आणि बोटं जिथं भेटतात तिथली पकड सगळ्यात कच्ची असते. कोपर त्याच्याकडं घालून, अख्खं अंग वळवून त्या फटीतून मनगट काढायचं. लेकीबरोबर रोज वीस वेळा करा. तिला सांगा, जीव खाऊन धर.

फिजिओ_सातारा
काहीही करा, ज्युदो नको. माझा गुडघा कॉलेजात तिथेच गेला, लिगामेंटचं ऑपरेशन झालं. तुमच्या वयात आणि या गुडघ्यावर तर अजिबात नाही.

लोखंडी_मूठ
+१. ज्युदो नको. बॉक्सिंग.

प्राजक्त_पुणे
+१.

कृष्णाकाठची (पाच आठवड्यांनी)
सगळ्यांचे मनापासून आभार. निशिगंध यांनी सांगितलं तसं तीन ठिकाणी नुसतं बसून पाहिलं.

मी ज्युदो लावला. रागवू नका. एका शाळेच्या हॉलमध्ये सकाळी भरतो, दोघींचे मिळून महिना ११००. सरांना गुडघ्याचं सांगितलं तर त्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी मागितली आणि म्हणाले, उभ्याने फेकाफेक तुम्हाला सहा महिने नाही. बसून आणि आडवं जे आहे तेवढंच. पहिले तीन आठवडे फक्त पडायला शिकवलं. हनुवटी छातीला, पाठ गोल, हात मॅटवर जोरात आपटायचा आणि श्वास बाहेर. आधी झोपून, मग उकिडवं बसून. इतर ठिकाणी पहिल्या दिवसापासून मारायला शिकवत होते. मला मारायची भीती वाटत नव्हती, पडायची वाटत होती. हे मला तिथे बसून बघताना कळलं.

हात आपटताना सर ओरडायला लावतात. पहिल्या आठवड्यात ओठ हलायचे नुसते. परवा आवाज निघाला, एवढा मोठा की लेक दचकली. नंतर मी चेंजिंग रूममध्ये जाऊन रडले.

मनगटाचा सराव रोज रात्री चालू आहे. वीसपैकी चौदा-पंधरा वेळा सुटते. लेक खरंच जीव खाऊन धरते.

फिजिओ_सातारा
चिठ्ठी मागणारा सर मिळाला हे नशीब. तरी मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम रोज करा, ते सोडू नका. सूज आली तर त्या दिवशी मॅट बंद.

प्राजक्त_पुणे
छान. सहा महिन्यांनी क्राव मागाचा विचार करा.

निशिगंध
पोरीचा ज्युदोचा ड्रेस कुठून घेतलात? माझीची उंची पाच फूट आहे, सेकंडहँड चालेल.