'दिवाण' : माणूस, वही की बैठक?

प्रश्न : मराठीत दिवाण म्हणजे संस्थानचा कारभारी. उर्दूत मात्र 'दीवान-ए-गालिब' म्हणतात, तिथे तो काव्यसंग्रह. शिवाय आमच्या बाहेरच्या खोलीत एक लाकडी दिवाण आहे, त्यावर पाहुणे निजतात. हा शब्द एकच का? आणि 'दिवाणा'शी याचं काही नातं?

उत्तर : शब्द एकच. फारसीत दीवान म्हणजे आधी नोंदवही, मग त्या वह्या जिथे ठेवत ती कचेरी, मग कचेरीचा मुख्य. कचेरीतल्या गादी-लोडांच्या बैठकीवरून आसनालाही तेच नाव पडलं. आपला दिवाणखाना, पेढीवरचे दिवाणजी, कोर्टातला दिवाणी दावा ही सगळी त्याच घरची मंडळी. १७६५ साली कंपनीला बंगालची 'दिवाणी' मिळाली ती मुख्यतः महसुलाची सत्ता.

शायराचा दीवानही नोंदवहीच आहे. त्यात गझला विषयाने किंवा काळाने लावत नाहीत. शेराच्या शेवटच्या अक्षरानुसार, अलिफपासून पुढे, वर्णक्रमाने लावतात. हिशेबनिसाच्या खतावणीसारखी शिस्त! म्हणून 'दीवान म्हणजे कवितासंग्रह' एवढंच कोशात देणं मला अपुरं वाटतं.

'दिवाणा' वेगळा. तो 'दीव' म्हणजे राक्षस, भूत यावरून आला. झपाटलेला तो दिवाणा. चौदाव्या शतकातला अरब इतिहासकार इब्न खल्दून याने एक गोष्ट दिली आहे : इराणचा बादशहा खुस्रो आपल्या कारकुनांना मनाशी आकडे पुटपुटताना पाहून 'दीवाने!' म्हणाला, म्हणून कचेरीला दीवान म्हणू लागले. गोष्ट गोड आहे, व्युत्पत्ती म्हणून धरू नये.

दिवाणाचे कारभाराचा आणि कवितेचा असे दोन्ही अर्थ एकाच माणसात पाहायचे असतील तर हैदराबादचे महाराजा किशन प्रसाद (१८६४–१९४०) आठवावेत. निजामाच्या राज्याचे दिवाण आणि 'शाद' या तखल्लुसाने (टोपणनावाने) लिहिणारे उर्दू-फारसीचे शायर. सहावे निजाम महबूब अली खान यांनी त्यांना दिवाण केलं. १९१२ साली सातव्या निजामाच्या काळात ते पद गेलं आणि १९२६ साली पुन्हा त्यांच्याकडेच कारभार आला, तो १९३७ पर्यंत. जन्माने हिंदू खत्री, तरी त्यांनी पैगंबरांच्या स्तुतीच्या नातही लिहिल्या. कवी इकबालांशी त्यांचा पत्रव्यवहार होता, तो पुढे छापला गेला. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे जिल्हे याच राज्यात होते, म्हणजे आपल्या मराठवाड्याचा कारभार हा शायर पाहत होता. मराठी वाचकाला त्यांचं नावही माहीत नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

प्रश्न : त्यांना 'पेशकार' म्हटलेलंही वाचलं. पेशकार म्हणजे कोर्टात कागद पुढे करणारा कारकून ना?

उत्तर : उत्तरेकडच्या कोर्टांत हो. हैदराबादेत पेशकारी हे दिवाणाखालोखालचं मोठं पद होतं आणि ते किशन प्रसादांच्या घराण्यात वंशपरंपरेने चालत आलं. 'पेश' म्हणजे पुढे; पेशवा, पेश करणे, पेशी यांत तोच आहे. एकच शब्द एका गावी कारकून, दुसऱ्या गावी सरदार. जुने कागद वाचताना आधी गाव पाहावं, मग अर्थ लावावा.

त्याच घराण्यातले चंदूलालही निजामाचे दिवाण आणि शायर. त्यांचं तखल्लुस 'शादाँ'. शाद आणि शादाँ, दोन्हींचा अर्थ आनंदी. 'शादी' यातलीच, आणि आपलं 'शाबास'ही : 'शाद बाश', म्हणजे आनंदी राहा. मुलाची पाठ थोपटताना आपण फारसीतून आशीर्वाद देत असतो!

प्रश्न : मग लिहावं कसं?

उत्तर : मी कारभाऱ्याला आणि बैठकीला 'दिवाण' लिहितो, काव्यसंग्रहाला 'दीवान'. दोन्ही पुल्लिंगी : 'गालिबचा दीवान १८४१ साली पहिल्यांदा छापला गेला.' 'गालिबची दीवान' असं मी कुठे छापलेलं पाहिलं की लगेच दुरुस्त करतो.