शब्दचर्चा: 'पॅरोल', 'रजा', 'पुनर्वसन' आणि घरी परतणाऱ्या माणसाची सोबत

प्रश्न

एका स्वयंसेवी गटासाठी माहितीपत्रक मराठीत करतोय. तुरुंगातून पॅरोलवर घरी येणाऱ्यांना आसपासच्या लोकांनी कसं सांभाळून घ्यावं, असा विषय आहे. मूळ मजकूर परदेशी आहे. माझ्या पहिल्या खर्ड्यात 'पॅरोलवर मुक्त झालेल्या गुन्हेगारांचे समुदाय-आधारित पुनर्वसन' असं आलंय. वाचताना खटकतं, पण नेमकं काय खटकतं ते सांगता येत नाही.

उत्तर

खटकायलाच हवं. त्या ओळीतले शब्द वेगवेगळ्या दिशांना नेतात.

आधी पॅरोल. हा शब्द मूळ फ्रेंच, अर्थ 'शब्द', म्हणजे दिलेलं वचन. युद्धकैद्याला 'पुन्हा शस्त्र धरणार नाही' या वचनावर सोडत असत, तिथून तो आला. आपल्या कारागृहांच्या कागदोपत्री भाषेत त्याला 'अभिवचन रजा' म्हणतात. नाव नेमकं आहे, वचनही आलं आणि रजाही. कैद्याला मिळणारी दुसरी रजा म्हणजे फर्लो, तिला 'संचित रजा'. दोन्हींचे महाराष्ट्रातले मूळ नियम १९५९ चे, नंतर बऱ्याचदा बदललेले. फरक असा, की संचित रजा चांगल्या वागणुकीवर मिळते आणि ते दिवस शिक्षेत धरले जातात. अभिवचन रजा घरातला मृत्यू, गंभीर आजारपण अशा कारणासाठी असते आणि ते दिवस शिक्षेत धरत नाहीत. दोन्ही रजा संपल्या की परत आत जायचं असतं.

परदेशी मजकुरातला पॅरोल बहुधा हा नव्हेच. तिथे शिक्षेचा उरलेला भाग बाहेर, अटी पाळून आणि अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली काढायचा असतो. सगळं नीट पार पडलं तर तो माणूस परत आत जातच नाही. म्हणून आधी तुमचं पत्रक कुणासाठी आहे ते ठरवा. पंधरा-वीस दिवसांसाठी आलेल्याला नोकरी शोधून देणं हा विषयच नाही. त्याला आईला दवाखान्यात न्यायचं असतं, जमिनीच्या कागदांवर सह्या करायच्या असतात, पोलीस ठाण्यात हजेरी लावायची असते आणि ठरलेल्या तारखेला तुरुंगाच्या दारात हजर व्हायचं असतं. कायमचा आलेल्याची गरज वेगळी. माझं मत, आपल्याकडच्यांसाठी 'रजेवर आलेला' आणि परदेशी अर्थासाठी 'सशर्त सुटका झालेला' लिहा.

'मुक्त' किंवा 'मुक्तता' मात्र टाळा. कोर्टाच्या बातम्यांमुळे मराठी वाचकाच्या कानात 'निर्दोष मुक्तता' बसलेली आहे. उद्या कुणीतरी विचारेल, निर्दोष होता तर एवढी वर्षं आत कसा?

पुढचा प्रश्न

'गुन्हेगार' काढून 'माजी कैदी' केलं तर? आणि 'पुनर्वसन' का नको?

उत्तर

'माजी कैदी' बरा, पण तोही त्याला तुरुंगाच्याच नावाने हाक मारतो. 'शिक्षा भोगून आलेला' यात निदान एक गोष्ट पुरी झाल्याची नोंद आहे. रजेवर असलेल्याला मात्र हे लागू नाही, कारण त्याची शिक्षा अजून संपलेली नाही. तिथे सरकारी 'बंदी' (म्हणजे कैदी) वापरायला माझी हरकत नाही, त्यात हिणवणं नाही. घरातली माणसं तर यातलं काहीच म्हणत नाहीत. शेजारी 'कुठे होता?' असं विचारतात, घरचे 'बाहेर होता' म्हणतात, आणि आपसात बोलताना 'आत होता तेव्हा' एवढंच. तो 'आत' आणि हा 'बाहेर' एकमेकांच्या अगदी उलटे, तरी दोन्ही एकाच घरात एकाच माणसासाठी चालतात. पत्रक लिहिणाऱ्याने ही अडचण ओळखावी. ज्या पत्रकावर मोठ्या अक्षरांत 'कैदी' छापलंय ते त्या घरात कुणी उघड्यावर ठेवणार नाही.

पुनर्वसन म्हटलं की आपल्याला धरणग्रस्त आठवतात. उठवलेल्यांना दुसरीकडे वसवणं. हा माणूस त्याच्या स्वतःच्या घरी निघालाय. घर उरलंच नसेल तर तो शब्द खरा ठरतो, पण तेव्हाच. कायमचा सुटून आलेल्यांसाठी सरकारी मराठीत 'अनुरक्षण' आहे, 'परिवीक्षा व अनुरक्षण संघटना' अशी जिल्ह्यांच्या संस्थांची नावंही आहेत. मागोमाग राहून जपणं, असा सुंदर अर्थ. बोलण्यात तो रुळला नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. पत्रकात एकदा अर्थासकट वापराच.

आता 'समुदाय-आधारित'. 'पुनर्वसन' काढून त्याच्यापुढे 'आधार' घातलात तर 'समुदाय-आधारित आधार' होतं आणि शब्द स्वतःलाच अडखळतो. 'समाजाचा आधार' लिहिलंत तर बरेच लोक 'आमच्या समाजात' या अर्थाने, म्हणजे जात म्हणून वाचतील. मी 'वस्तीतल्या माणसांची साथ' असं लिहीन. मदत वरून खाली येते, साथीत दोघं बरोबरीने चालतात.

याचं चांगलं उदाहरण कॅनडातलं. ओंटारिओ प्रांतातल्या हॅमिल्टनमध्ये १९९४ साली एका छोट्या चर्चच्या लोकांनी, लैंगिक गुन्ह्याची पूर्ण शिक्षा भोगून बाहेर आलेल्या एका माणसाभोवती गट उभा केला. शिक्षा संपल्यामुळे त्याच्यावर पॅरोलची देखरेखही नव्हती. पुढे त्यातून पद्धत तयार झाली. चार ते सहा स्वयंसेवक सुटून आलेल्या माणसाला नियमित भेटतात, सोबत करतात आणि वागण्याबद्दल स्पष्ट जाबही विचारतात. त्या गटात त्याला 'लाभार्थी' म्हणत नाहीत, तोही सदस्यच, मधला. तुमच्या पत्रकातही 'लाभार्थी' नको.

शेवटचा प्रश्न

स्वयंसेवकांना काय म्हणू? 'हमीदार' सुचतंय.

उत्तर

अजिबात नको. रजेसाठी जामीनदार लागतो आणि तो बहुतेक वेळा नातेवाईकच असतो. माणूस वेळेवर परतला नाही तर कागदावर सही करणारा अडकतो. हे ऐकून असलेला कुणीही 'हमीदार' वाचताच दोन पावलं मागे सरेल. आणि तुमच्या स्वयंसेवकांवर तशी कायदेशीर जबाबदारी नाहीच. 'सोबती' लिहा, आणि खाली लगेच कामं द्या: हजेरीला बरोबर जाणं, बँकेतलं बंद पडलेलं खातं सुरू करून देणं, परत जायच्या दिवशी दारापर्यंत सोडायला जाणं. 'जामीनदार वेगळा, सोबती वेगळा' हे वाक्य ठळक छापा. लोक पुढे यायला हवे असतील तर ही भीती पहिल्याच पानावर काढावी लागेल.